ओम्नीची कॅम्परव्हॅन करून देणाऱ्या 'पॅकेज'वाल्यांपासून सांभाळून

सध्या ज्याला त्याला कॅम्परव्हॅन (आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी) हवीये, आणि रेडिमेड घ्यायची तर बजेट कुठल्या कुठे जातं, म्हणून लोक जुनी ओम्नी नाहीतर इको शोधतात. आयडिया अजिबात वाईट नाही. ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी रस्त्यावर अजून भरपूर आहेत, ७९६ सीसीचं इंजिन गल्लीतला मेकॅनिकपण डोळे मिटून खोलतो, पार्ट स्वस्त, बाजूला सरकता दरवाजा, मागे जागा केली की माणूस पाय पसरून जेमतेम झोपतो. गाडीत खोट नाहीये, खोट आहे ते 'गाडी प्लस काम' असं पॅकेज विकणाऱ्यांत. आमचं काय झालं ते लिहितोय. नाव गाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, एवढंच सांगतो की पुण्याबाहेर हायवेलगत शेड आहे आणि इन्स्टावर रील एक नंबर आहेत.

पॅकेज असं होतं, २००९ ची पांढरी ओम्नी १ लाख १० हजार आणि आतलं काम १ लाख ६० हजार. कामात इन्सुलेशन, मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचं फर्निचर, फोल्डिंग बेड, टपावर २०० वॅटचा सोलर, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, सिंक, सगळं. वर १८ हजार वेगळे, 'आरसीवर कॅम्परव्हॅन चढवून देतो' याचे. बिल मागितलं तर शेडवाला म्हणे "सर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच वाढवताय, मी पावती देतो ना." पावती दिली, साध्या लेटरहेडवर, त्यात 'व्हॅन काम अॅडव्हान्स' एवढंच, बॅटरी कुठली प्लाय कुठला काही नाही. पैसे यूपीआयने, पण एकदा त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर, एकदा कुठल्यातरी ट्रेडर्सच्या क्यूआरवर, दरवेळी कारण तयार, लिमिट संपलंय, बँकेचा सर्व्हर डाऊन आहे. आता ग्राहक आयोगासमोर हे सगळे पैसे एकाच माणसाला गेले हे दाखवायला घाम निघतोय. तेव्हा ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच नावावर पैसे, आणि पावतीत आयटमवार मेक, साइझ, जाडी लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

कामाचे फोटो मात्र रोज यायचे. जमिनीवर चंदेरी फॉइलवालं नायट्राइल (रबरी फोमचं इन्सुलेशन) शीट अंथरलंय, भिंतीला चिकटवलंय, कडा टेपने पॅक, बघून बायको खूष, मी खूष. आता ओम्नीत आतला बराचसा पत्रा उघडा असतो, म्हणजे बाहेर जो रंग तोच आत दिसतो. नंतर वाद झाला तेव्हा ते फोटो झूम करून बघितले तर मागच्या दाराच्या आतला पत्रा लाल. आमची गाडी पांढरी! दुसऱ्या कुणाच्यातरी गाडीचं काम आम्हाला दाखवत होता, ते काम तरी त्याचंच होतं की नाही देव जाणे. म्हणून फोटो नको, व्हिडिओ कॉल करा आणि नंबरप्लेटपासून सुरुवात करून न थांबता आत यायला सांगा. शेड जवळ असेल तर सरळ जाऊन बघा, न सांगता.

गाडी हातात आली तेव्हा दिसायला झकास होती हे मान्य करायलाच पाहिजे. वुडन सनमायका, पिवळे एलईडी, पडदे. पावसाळा लागला आणि एकेक पापुद्रा सुटायला लागला. सोलरच्या ब्रॅकेटसाठी टपाला भोकं पाडून वरून नुसतं सिलिकॉन फासलेलं, पाणी आत. ताम्हिणीत एक रात्र बेडच्या डोक्याकडची बाजू ओली, आम्हाला वाटलं दव असेल. मग खालचा प्लाय फुगला, सनमायका सुटला, दार लागेना. शेवटी ओळखीच्या सुताराला बोलावून जमीन उचकटली.

वर व्हिनाइल. त्याखाली प्लाय, ज्यावर कुठेच आयएस ७१० चा शिक्का नाही (मरीन प्लायला तो मार्क असतो, साध्या कमर्शियलला आयएस ३०३), कोपरा हाताने दाबला तर पदर सुटे होत होते, सुतार म्हणाला "दादा, हा तर पॅकिंगचा माल हाय." त्याखाली इन्सुलेशन म्हणून थर्माकोल, आणि त्यातल्या दोन तुकड्यांना सोनेरी रंग आणि टिकल्या चिकटवलेल्या, कुणाच्यातरी गणपतीच्या मखराचे अवशेष! राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, बंदी आलेली मखरं कुठे जातात ते आम्हाला कळलं. थर्माकोल आणि पत्र्याच्या मध्ये पाणी साठून राहिलेलं आणि पत्रा चाळण झालेला. तो गंज आमच्या पावसाळ्यातला नव्हता, जुनाच होता, त्यावर फायबरचा कपडा आणि लांबी (पुट्टी) मारून वरून काळं डांबरी अंडरकोटिंग फासलेलं. खालून बघितलं तर एकदम नवीकोरी वाटायची. जुनी व्हॅन घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, चाकांच्या वरच्या कमानी, सरकत्या दाराखालची पट्टी आणि खालचा पत्रा इथे लावून बघा, लांबीवर चिकटत नाही. आणि फ्रेश काळं अंडरकोटिंग दिसलं तर आनंद मानू नका, आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघू दे म्हणा.

बॅटरीचं प्रकरण याहून भारी. बेडखाली पत्र्याचा डबा, स्क्रू टाइट, वर स्टिकर लिथियम १०० एएच, 'उघडल्यास वॉरंटी रद्द'. त्याने सांगितलेलं की फॅन, लाइट, मोबाइल दोन रात्री आरामात. हिशोब बघा, लिथियम फॉस्फेटची १२.८ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२८० वॅट-अवर, २० वॅटचा फॅन आणि थोडे लाइट धरले तर दोन रात्री निघायलाच पाहिजेत. आमच्याकडे मध्यरात्रीच इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागायचा. त्याला फोन केला तर "सर ढगाळ होतं ना, सोलर चार्ज कमी झाला असणार." दुसरं, सकाळी गाडीत एक आंबट उग्र वास, घसा खवखवायचा, बायको म्हणायची सनमायकाच्या गोंदाचा आहे. आणि तो डबा मला एकट्याला हलेना. तिथे शंका आली कारण या साइझची खरी लिथियम बॅटरी साधारण १० ते १३ किलोची असते, एका हाताने उचलली जाते.

उघडला. आत ई-रिक्षाची जुनी लेड ॲसिड बॅटरी, पाणी टाकायची, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर, बाजूचा पत्रा ॲसिडने खाल्लेला. म्हणजे आम्ही बंद काचांच्या गाडीत अशा बॅटरीवर झोपत होतो जी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पैशाचं सोडा, या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला माफ करणार नाही. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळ फ्यूज नाही, आणि वायर ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. पॅनलच्या मागे २०० वॅटच्या स्टिकरखाली आधीच्या स्टिकरची कड दिसत होती, नखाने सोलला तर १०० निघाला. हे तुम्ही टेप घेऊनही ओळखू शकता, १०० वॅटचा पॅनल साधारण एक मीटर बाय दोन फूट असतो, तेवढ्याच काचेवर २०० लिहिलं म्हणून वीज डबल होत नाही. सोलरच्या चार्ज कंट्रोलरवर एमपीपीटी (पॅनलमधून जास्त वीज काढणारा महागडा प्रकार) छापलेलं, हातात घेतला तर रिमोटएवढा हलका, साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम निघाला.

या सगळ्यात मला एक पॅटर्न दिसतो तो असा की जे वरून दिसतं ते काम त्याने खरंच नीट केलंय, सनमायकाची फिनिशिंग खरंच चांगली होती, आणि जे झाकलं जाणार होतं तिथे शंभर टक्के चोरी. त्यामुळे पैसे टक्क्यांत देऊ नका, थरात द्या. उघडा पत्रा तुम्ही स्वतः बघितला की पहिला हप्ता, इन्सुलेशन लागलं आणि वायरिंग उघडं असताना बघितलं की दुसरा, प्लाय बसायच्या आधी तुमच्यासमोर त्याचा शिक्का. बॅटरी, पॅनल, कंट्रोलर स्वतः जीएसटी बिलावर विकत घेऊन द्या, त्याला फक्त मजुरी. तो म्हणेल मला होलसेलमध्ये स्वस्त पडतं. पडू दे.

आता आरटीओचे १८ हजार, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतायत. "आरटीओत आपला माणूस आहे, टेन्शन घेऊ नका." दोन महिने गेले, मग लॅमिनेट केलेला एक कागद दिला, 'कॅम्पर' लिहिलेला, शिक्का वगैरे. परिवहनच्या साइटवर नंबर टाकला तर गाडी होती तशीच साधी मोटारकार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक निकाल दिलाय. कलम १८२अ खाली दर बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीटिंग कपॅसिटी आरसीत लिहिलेली असते, म्हणजे सीट काढून टाकणं हासुद्धा बदलच. कॅम्परव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे बनवून टेस्टिंग एजन्सीकडून पास करून घेणारे बॉडी बिल्डर आहेत, पण तो खर्च वेगळ्या लेव्हलचा, आणि हायवेच्या शेडमधल्या माणसाचं ते काम नाही. तेव्हा कुणी दहा-वीस हजारात 'आरसीवर चढवून देतो' म्हणाला की तो खोटं बोलतोय. उद्या ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सवाल्याने सर्व्हेत बदल बघितले तर क्लेमला तुम्ही कुठला कागद दाखवणार, हा लॅमिनेट केलेला?

आणि गाडीची आरसी. २००९ ची गाडी आम्ही २०२३ ला घेतली, म्हणजे पंधरा वर्षं संपायला काहीच वेळ नव्हता. रिपासिंगची (पंधरा वर्षांनंतर नोंदणी परत करून घ्यायची) फी कारसाठी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली होती, वर पर्यावरण कर, वर पासिंगला लागणारं काम, आणि आतमध्ये हे असलं फर्निचर असताना इन्स्पेक्टरसमोर गाडी नेणार कशी. 'आरसी क्लिअर' म्हणजे फक्त लोन नाही एवढंच नसतं, व्हॅलिडिटीची तारीख बघा, जुनी चलानं बघा, गाडीत गॅस किट असेल तर ते आरसीत चढलंय का बघा. आमच्या गाडीत सीटखाली सीएनजीच्या सिलिंडरचे ब्रॅकेट होते, आरसीत मात्र फक्त पेट्रोल, म्हणजे आधी कुणीतरी कागदावर न चढवता किट लावून पळवलीये. आत खिडकीच्या रबराखाली कुठल्यातरी शाळेच्या स्टिकरचा तुकडा सापडला, यावरून गाडी काय काय जगली असेल ते समजा, मीटरवर किलोमीटर मात्र जेमतेम साठ हजार.

सध्या आम्ही ते सगळं फर्निचर उपटून टाकलंय. पत्रा वेल्डिंग करून घेतला, मूळ सीट भंगारवाल्याकडून जुळवून बसवल्या, रिपासिंग झालं. आता मागचं सीट फोल्ड करून त्यावर सुताराकडून घेतलेल्या सुट्या फळ्या आणि गादी टाकतो, सकाळी उचलून ठेवतो, लाइट-फॅनसाठी बाजारातलं बिलावर मिळणारं पोर्टेबल पॉवर स्टेशन. वजनपण कमी झालं, आधी मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पार झोपायचे आणि घाटात दुसऱ्या गिअरला रडायची.

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस चौकीत आधी "हा सिव्हिल मॅटर आहे" ऐकायची तयारी ठेवा. त्या खोट्या कागदामुळे आमचा अर्ज निदान घेतला तरी. ग्राहक आयोगात तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात केस टाकता येते, त्याच्या जिल्ह्यात जायची गरज नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. आणि त्याच्याशी भांडायच्या आधी व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करा, व्हॉइस नोट वेगळ्या सेव्ह करा, कारण मी नोटीस म्हटल्याबरोबर त्याने त्या दोन दिवसांतले मेसेज पटापट डिलीट मारले. या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, पूर्वी ६५ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, वकील फॉरमॅट देतात. उचकटतानाचा व्हिडिओ सलग घ्या, डबा उघडताना मध्ये कट नको, नाहीतर समोरचा म्हणतो बॅटरी तुम्हीच बदलली. आमच्या केसमध्ये त्याच्या वकिलाने नेमकं तेच म्हटलंय.