मॉरिस मायनर घ्यायचीच, तर सलून की ट्रॅव्हलर?

इंग्लंडात राहून जुनी ब्रिटिश गाडी पाळायची हौस असली, की नजर फिरून फिरून मॉरिस मायनरवरच येते. आपल्या लोकांना तर ती नात्यातलीच वाटते. आपली अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घेतलेली. इंजिनाचा फार घोळ घालू नका. १९५६ नंतरची ‘मायनर १०००’ बघा, जमल्यास १९६२ नंतरची १०९८ सीसीची. खरा प्रश्न मागच्या धडाचा आहे: मागे डिकी असलेली पत्र्याची सलून, की सामानाला मोकळी जागा असलेली, लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर?

पुढून दोघी सारख्याच. १९४८ साली गाडी बाजारात यायच्या तोंडावर तिचे रचनाकार आलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. नमुन्याची गाडी उभी चिरून दोन भागांत चार इंचांचं अंतर ठेवून बघितलं, आणि तीच रुंदी कायम झाली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती ही चार इंचं. कारखान्याचे मालक लॉर्ड नफिल्ड यांनी गाडीला ‘पोच्ड एग’ (कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं) म्हणून नाक मुरडलं होतं. पुढे दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

माझ्याकडे आधी ट्रॅव्हलर होती. देखणी, यात वाद नाही. मागची सीट पाडली आणि दोन्ही दारं उघडली की गणपतीचं अख्खं मखर न मोडता आत जायचं. पार्किंगमध्ये एखादे आजोबा हमखास थांबून लाकडावरून हात फिरवायचे.

पण माझ्या दारात छप्पर नाही. नोव्हेंबर लागला की मागच्या सरकत्या काचांच्या खाचेत शेवाळ धरायचं. जुन्या टूथब्रशनं घासून काढावं, तर पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं. ॲश झाडाचं ते लाकूड शोभेचं नाही, मागचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. तिसऱ्या हिवाळ्यात चाकाच्या कमानीवरच्या तुकड्याला सहज पेचकस टेकवला, तर चहात बुडवलेल्या खारीत शिरावा तसा आत गेला. विकणाऱ्यानं वरून ताजं व्हार्निश मारून दिलं होतं, आणि मी चकाकीला भुललो होतो. नवं लाकूड मिळतं, पण ते बसवणं सुतारकाम आहे. आणि आमचा मेकॅनिक कितीही गुणी असला तरी सुतार नव्हे.

सलून गंजते, नाही असं नाही. गालिचा उचलून फरशी बघा, दाराखालचे सिल ठोकून बघा. पण गंजका पत्रा एकदा नीट कापून वेल्ड केला की चार वर्षं डोक्याला ताप नाही. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यांना, ग्रीस मात्र दोघींतही वेळच्या वेळी हवं. कोरडे राहिले तर एखाद्या वळणावर चाक दुमडून गाडी गुडघा टेकते.

तुमच्याकडे कोरडं गॅरेज असेल आणि रंधा हातात धरायची आवड असेल, तर ट्रॅव्हलर जरूर घ्या. माझं गणित तुम्हाला लागू होईलच असं नाही. मी तिच्याऐवजी दोनदारी सलून घेतली. टूथब्रश बाथरूममध्ये परत गेला. मखर तेवढं आता सुटं करून न्यावं लागतं.