कच्चं की शिजवलेलं?

वर्षाच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू, त्यात सतत जुलाब आणि खाज. अशा वेळी कच्च्या मांसाचा मोह होतोच. पिल्लू वाटी चाटून लख्ख करतं, शीही घट्ट होते. पण कच्च्या मांसातला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू फ्रीझरमध्ये मरत नाही, आणि खाजेसाठी स्टेरॉइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असलेल्या पिल्लाला तो महागात पडतो. शिजवलेल्यात ही भीती जवळजवळ संपते; मात्र हाडं शिजवून कधीच देऊ नका, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

कॅल्शियमचा घोळ दोन्हीकडे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. वाढत्या हाडांना कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. मी तरी पोट सावरेपर्यंत शिजवलेलंच देईन, तेही डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून, सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलत.