फाइल जाड होती

इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या एका गावात मी गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्यानं आधी गाडी दाखवलीच नाही. कॉफी दिली आणि टेबलावर एक निळी फाइल ठेवली. चांगली चार बोटं जाड. "सावकाश बघा," म्हणाला, "गाडी कुठं पळून जात नाही."

मी तासभर ती फाइल चाळत बसलो. १९६७ सालची अल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटी व्हेलोचे. पहिली डिलिव्हरी रोममध्ये, एका दंतवैद्याच्या पत्नीला, रंग लाल. तेव्हापासून एकच घर, एकच मालकीण. कंपनीच्या आरेसे गावातल्या दफ्तरातला दाखला, सर्व्हिसची हस्तलिखित बिलं, पेट्रोलच्या हिशेबाची एक वही, आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडीला टेकून उभ्या असलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईंचा कृष्णधवल फोटो. गाडीवर रोमच्या जुन्या काळ्या पाट्या. इटलीत त्या काळी बाकी सगळ्या जिल्ह्यांची दोन अक्षरं असायची, फक्त रोमचं नाव पाटीवर पूर्ण लिहायचे. त्या पूर्ण नावावर मी भाळलो, हे आधीच कबूल करतो.

रात्री हॉटेलातून बायकोला फोन केला आणि तिला पाऊण तास त्या बाईंची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू गाडी घेतोयस की फाइल?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी बयाणा देऊन आलो.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला. बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही, ती कायम 'फियाट'च. खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडं टाकून तिच्याशेजारी उभं राहण्यात माझं अर्धं बालपण गेलं. इटालियन गाडीचा नाद तिथूनच लागला असावा. दहा वर्षं पैसे साठवले होते. गाडी ५४ हजार युरोला ठरली.

आता थोडं गाडीबद्दल, कारण फसवणूक कुठं झाली ते त्याशिवाय कळायचं नाही. बेर्तोने या गाड्यांच्या डिझाइन कंपनीत काम करणाऱ्या तरुण जुजारोनं हे कूपे, म्हणजे दोन दारांचं मॉडेल, रेखाटलं आणि १९६३ साली ते बाजारात आलं. व्हेलोचे ही त्याची जास्त ताकदीची आवृत्ती, १५७० सीसीची, १९६६ ते १९६८ या काळात जेमतेम १४ हजारांच्या आसपास निघालेली. तिची धाकटी बहीण म्हणजे जीटी १३०० ज्युनियर, १२९० सीसीची. दोघींचा सांगाडा जवळजवळ सारखा. व्हेलोचेच्या पुढच्या जाळीवर तीन आडव्या पट्ट्या, ज्युनियरच्या जाळीवर एक. व्हेलोचेच्या छताच्या मागच्या खांबावर हिरव्या चौपानी पानाचा गोल बिल्ला. जाळी, बिल्ला, इंजिन, सीटा, हे सगळं विकत मिळतं. आणि दोघींच्या किमतीत मोठी तफावत असते. एवढं सांगितलं की पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

जाहिरातीच्या फोटोंत चासी नंबर पुसट केलेला होता. कारण विचारलं तर विकणारा म्हणाला, "लोक नंबर चोरून दुसऱ्या गाडीला लावतात." आजही मला त्या वाक्याचं कौतुक वाटतं. चोरानं चोरीची भीती दाखवून मला गप्प केलं. आरेसेचा दाखला प्लास्टिकच्या कव्हरात होता, रंगीत झेरॉक्स. मूळ प्रत बाईंच्या पुतण्याकडे, बँकेच्या लॉकरमध्ये. गाडी नावावर झाली की पाठवतो म्हणाला. मी मान डोलावली. साताऱ्यात सेकंडहँड स्कूटर घेतानासुद्धा मी झेरॉक्सवर भागवलं नसतं.

करारावर विकणारा म्हणून पुतण्याचं नाव होतं, मला गाडी दाखवणाऱ्या व्यापाऱ्याचं नव्हतं. आणि खाली एक ओळ: 'व्हिस्ता ए पियाचूता'. म्हणजे पाहिली आणि पसंत पडली. मला तर ते काव्यच वाटलं. तिचा खरा अर्थ नंतर वकिलानं पैसे घेऊन समजावला. जशी आहे तशी घेतली, नंतर तक्रार चालणार नाही.

गाडी नोव्हेंबरमध्ये ट्रेलरवरून आली. पाट्या आल्या नाहीत. इटलीतून गाडी बाहेर पाठवायची म्हणून नोंदणी रद्द केली तेव्हा त्या जमा झाल्या. म्हणजे ज्या पाट्यांवर भाळून मी चार पैसे जास्त मोजले, त्या माझ्या कधी होणारच नव्हत्या. हिवाळाभर गाडी भाड्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली. वसंतात तपासणी करून जुन्या गाड्यांचा 'एच' अक्षराचा नंबर घ्यायचा बेत होता.

मूळ दाखला काही येईना. पुतण्याचा फोन लागेना. मग मीच आरेसेला अल्फाच्या संग्रहालयातल्या दस्तऐवज केंद्राकडे अर्ज केला. संशय म्हणून नाही हो! फ्रेम करून भिंतीवर लावायला. काही आठवड्यांनी पत्र आलं. अशा पत्रात मोजक्या ओळी असतात: या चासी नंबरची गाडी अमुक मॉडेलची, अमुक तारखेला तयार झाली, अमुक दिवशी अमुक शहराला विकली, रंग अमुक. माझ्या पत्रात मॉडेल बरोबर होतं, व्हेलोचेच. साल १९६७, तेही बरोबर. पण विक्री लुगानोला, स्वित्झर्लंडमध्ये. आणि रंग शेवाळी हिरवा.

मी ते पत्र तीनदा वाचलं. रोम नाही, लाल नाही. व्यापाऱ्याला मेल केला. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं, तेवढंच काय ते वेळेवर: "दफ्तरात चुका असतात, साठ वर्षांपूर्वीच्या वह्या आहेत त्या."

त्या रविवारी बाबांशी बोलताना सहज विषय निघाला. ते ७८ वर्षांचे. आरटीओच्या खिडकीसमोर त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय.

"चासी नंबरचा प्रिंट घेतलास का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी डोळ्यांनी बघितलाय. कागदावरचा आणि गाडीवरचा एकच आहे."

"डोळ्यांनी नाही रे. कागद ठेवून पेन्सिल घासून. आकडे सगळेच बघतात, आकड्याच्या शेजारचं बघायचं असतं."

गॅरेजमध्ये गेलो. या गाड्यांचा नंबर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. पातळ कागद चिकटपट्टीनं बसवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागलो. आधी तारा उमटला, मग 'ए', 'आर', मग आकडे, शेवटी पुन्हा तारा. स्वच्छ, खोल, कारखान्यात ठोकलेले असतात तसे. बाबा उगाच शंका घेतात असं वाटलं. मग कागद थोडा सरकवून शेवटच्या ताऱ्याच्या पलीकडे घासलं. तिथं एक सरळ उभी रेघ उमटली. डावीकडे घासलं, तिथंही तशीच. वर आणि खाली आडव्या दोन. नंबराभोवती पोस्टकार्डापेक्षा जरा लहान चौकोन तयार झाला. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, रंगही एकसारखा होता. पेन्सिलीला मात्र वेल्डिंग घासून काढल्याचा बारीक उंचवटा सापडला. नंबर खराच होता. तो ज्या गाडीचा होता तिच्यातून पत्र्याचा तेवढा तुकडा कापून माझ्या गाडीत बसवला होता.

कागदाचा फोटो बाबांना पाठवला. "हं," एवढंच उत्तर आलं.

मग सरळ जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्यानं मागची सीट काढली आणि खालच्या कोपऱ्यात रंगाचे थर एकेक करून खरवडले. वर लाल, खाली करडा प्रायमर, त्याखाली मळकट पांढरा, त्याखाली उघडा पत्रा. मी वकिली केली, म्हटलं, हिरवा रंग पूर्वी कुणी पत्र्यापर्यंत खरवडून काढला असेल. तो हसला. "पत्र्यापर्यंत खरवडून पांढरा दिला म्हणता? मग सीटखालच्या या कानाकोपऱ्यांत, जिथं कुणाचं हत्यार पोचत नाही, तिथं तरी हिरवा राहायला हवा. इथं तळाला सगळीकडे पांढराच आहे. ही गाडी जन्माला आली तीच पांढरी." मागच्या चाकाच्या कमानीत पुट्टी इतकी भरली होती की लोहचुंबक खाली पडला.

यानंतर मी जे केलं ते पैसे देण्याआधी करायचं होतं. इटलीत गाड्यांच्या मालकीची नोंद पीआरए या सरकारी दफ्तरात असते आणि ते १९२७ पासून तिथला ऑटोमोबाइल क्लब सांभाळतो. पाटीचा नंबर दिला की गाडीच्या आजवरच्या सगळ्या मालकांचा कालक्रमानं उतारा मिळतो. आपल्या सातबाऱ्याच्या फेरफारासारखाच. जुन्या नोंदी हातानं शोधाव्या लागतात, त्यामुळे वेळ जातो, पण खर्च बयाण्याच्या मानानं चहापाण्याचा. माझ्या उताऱ्यात काय होतं? या नंबराची गाडी इटलीत पहिल्यांदा नोंदवली गेली १९७४ मध्ये, स्वित्झर्लंडहून आयात म्हणून, रोमला. म्हणजे आरेसेच्या वह्या बरोबर होत्या. त्यानंतर चार मालक. शेवटून दुसरा मालक डेंटिंग-पेंटिंगचा कारखाना. दंतवैद्य नाही, त्याची बायको नाही, पुतण्याही नाही.

रोमच्या जुन्या पाट्या ओळखणाऱ्या एका गृहस्थांना मी पाटीचा फोटो दाखवला. त्यांनी आकड्यांआधीचं अक्षर बघूनच सांगितलं की १९६७ च्या मानानं हे खूप पुढचं आहे. म्हणजे पाटी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, मला वाचता येत नव्हतं. शिवाय त्या काळी मालक दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला की गाडीला पाटीही नवी मिळायची. पाटीवर रोम आहे म्हणून गाडी पहिल्यांदा रोमला उतरली, हे गणितच चुकीचं.

फाइल मी पुन्हा एकदा, भिंग घेऊन वाचली. ४१ कागद. त्यांतल्या एकाही बिलावर चासी नंबर नव्हता. बहुतेकांवर नुसतं 'अल्फा जुलिया'. पेट्रोलची वही कुणाचीही असू शकते. आणि त्या बाईंच्या फोटोत, गुडघ्याच्या उंचीवर, गाडीची जाळी स्पष्ट दिसत होती. तिच्यावर पट्टी एकच. ती ज्युनियर होती. मी तो फोटो तोपर्यंत निदान शंभर वेळा बघितला असेल. बघत होतो बाईंचा रुमाल.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं तरी डोकं फिरतं. इटलीत फसवणुकीची फिर्याद, गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते. ती मुदत मी व्यापाऱ्याला सौजन्याचे मेल लिहिण्यात जवळजवळ घालवली, शेवटच्या आठवड्यात कशीबशी दिली. व्यापारी म्हणतो, मी नुसता मध्यस्थ. पुतण्या म्हणतो, मी नुसती सही केली, त्याचे ३०० युरो मिळाले. नंबराचा तुकडा असा बसवलेला असल्यावर जर्मनीत गाडीची नोंदणी होणं शक्य नाही. उलट गाडी पुरावा आहे, म्हणून ती विकायची नाही, हलवायची नाही, तिला हातही लावायचा नाही असं वकिलानं बजावलंय. गॅरेजचं भाडं महिन्याला ९० युरो. बायको त्याबद्दल काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

कुणी म्हणेल, हौस महाग पडली, सोडून दे. पण इथल्या मराठी मंडळातल्या दोघांनी तरी मला गेल्या वर्षात विचारलंय, 'जुनी इटालियन घ्यायचीय, कागद पक्के आहेत म्हणतात.' त्यांना मी एवढंच विचारतो: कागद पक्के आहेत, पण कुणाचे? विकणाऱ्याला तोंडावर म्हणा, आरेसेला आपण दोघं मिळून अर्ज करू, पत्र आलं की बयाणा. पीआरएचा उतारा स्वतः काढा, त्यानं दिलेला घेऊ नका. आणि जाताना खिशात कागद आणि पेन्सिल ठेवा. तो कागद गाडीवर ठेवू देत नसेल तर कॉफी पिऊन परत या.

गेल्या महिन्यात रात्री झोप येईना म्हणून जाहिराती बघत पडलो होतो. बेर्गामोजवळ एक जुलिया विकायला होती, पांढरी, 'एकाच मालकिणीची, पूर्ण इतिहासासह'. सातव्या फोटोत निळी फाइल उघडी ठेवली होती. तिच्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या त्याच बाई, त्याच समुद्रकिनाऱ्यावर उभ्या.

मी दुसऱ्या नावानं मेल करून चासी नंबर मागितला. सकाळी उत्तर आलं होतं. "नंबर आम्ही मेलवर देत नाही, लोक चोरतात. या, आधी कॉफी घेऊ."

तो मेल मी छापून वकिलाकडे दिलाय. निळ्या फाइलीत आता ४२ कागद आहेत.