स्वस्त विमानाचं तिकीट आणि लाउंज: कार्ड, सदस्यत्व की एका वेळेचं बुकिंग?

बजेट एअरलाइनच्या तिकिटात लाउंजची, म्हणजे एअरपोर्टवर विमानाची वाट पाहत निवांत बसण्या-खाण्याच्या वेगळ्या जागेची, सोय धरलेली नसते. एरवी मोठ्या एअरलाइनने जाणाऱ्यांची मानाची कार्डंही अशा प्रवासात कामाला येत नाहीत. उदाहरणार्थ, स्टार अलायन्स या मोठ्या एअरलाइनच्या गटाचं गोल्ड कार्ड असलं तरी त्यांच्या लाउंजमध्ये शिरायला त्याच गटातल्या विमानाचा बोर्डिंग पास लागतो. मग उरतात ती प्लाझा प्रीमियमसारख्या स्वतंत्र कंपन्यांची लाउंज. तिथे सहसा कोणत्या एअरलाइनने चाललात हे पाहत नाहीत. बोर्डिंग पास आणि प्रवेशाचा हक्क, एवढ्यावर काम होतं.

हा हक्क मिळवण्याचे मार्ग तीन. पण त्याआधी टर्मिनल बघा. एअरपोर्टवर लाउंज आहे एवढं कळून भागत नाही. ते तुमच्याच टर्मिनलमध्ये, सिक्युरिटीच्या तुमच्याच बाजूला आणि परदेशी प्रवास असेल तर इमिग्रेशनच्या पलीकडे आहे ना, हे पाहावं लागतं. क्वालालंपूरला बजेट एअरलाइनसाठी 2014 मध्ये सुरू झालेलं टर्मिनल मुख्य टर्मिनलपासून इतकं दूर आहे की मधे ट्रेन धरावी लागते. लाउंज दुसरीकडे निघालं, तर हातातलं कार्ड कितीही भारी असलं तरी उपयोग शून्य.

आता पहिला मार्ग, क्रेडिट कार्ड. कार्ड आधीपासून खिशात असेल तर सगळ्यात स्वस्त हेच. अट एकच, बारीक अक्षरं वाचायची. फुकट प्रवेश वर्षाला किती, त्यासाठी आधी ठरावीक खर्च करावा लागतो का, सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे कापतात का, हे बँकेनुसार बदलतं. फक्त लाउंजसाठी वार्षिक फी भरून नवं कार्ड काढणं मला पटत नाही; स्वस्त तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच जातात.

दुसरा मार्ग सदस्यत्वाचा. वेगवेगळ्या एअरपोर्टवरच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारं प्रायॉरिटी पास हे सदस्यत्व 1992 पासून आहे. त्याच्या साध्या योजनेत वार्षिक फी भरूनही प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे लागतात, मधल्या योजनेत 10 भेटी फुकट असतात आणि सगळ्यात वरच्या योजनेत भेटींना मर्यादा नाही. पाहुण्याचे पैसे मात्र तिन्हींत पडतात. म्हणजे कुटुंब घेऊन वर्षातून एखाद-दोनदा फिरणाऱ्यासाठी हा सौदा तोट्याचा. सतत एकट्याने उडणाऱ्याने जरूर हिशोब मांडून बघावा.

कार्ड आणि सदस्यत्व या दोहोंचा खरा कच्चा दुवा म्हणजे गर्दी. तुमचा हक्क असतो तो जागा असेल तर. पहाटे आणि संध्याकाळी विमानं एकापाठोपाठ सुटतात, तेव्हा लाउंजच्या दारावर ‘जागा नाही’ ऐकावं लागतं आणि त्यावर कुणाशी भांडून फायदा नसतो. नेमकी हीच वेळ बजेट विमानांची, कारण अडनिड्या वेळेची तिकिटं स्वस्त पडतात.

म्हणून कधीतरीच जाणाऱ्याला मी तिसरा मार्ग सुचवेन: लाउंजच्या संकेतस्थळावरून त्या एका दिवसापुरतं आगाऊ बुकिंग. वेळ तुमच्या नावावर राखलेली असते आणि वर्षभराची बांधिलकी नसते. दारावर जाऊन पैसे भरण्यापेक्षा हे बहुतेकदा स्वस्तही पडतं. मात्र रद्द करण्याचे नियम आधी वाचा, बजेट विमानाची वेळ बदलली तर गरज पडेल.

पैसे भरण्याआधी वेळेची बेरीज मात्र कराच. लाउंजमध्ये सहसा उड्डाणाच्या तीन तास आधीपासूनच घेतात. बॅग काउंटरवर द्यायची असेल तर काउंटर उघडेपर्यंत सिक्युरिटी ओलांडता येत नाही. दुसऱ्या टोकाला, युरोपातल्या बजेट एअरलाइनपैकी इझीजेट उड्डाणाच्या 30 मिनिटं आधी गेट बंद करते, रायनएअर 20 मिनिटं आधी. बजेट विमानांची गेटं बऱ्याचदा लांब असतात, आणि अनेक लाउंजमध्ये उड्डाणाची घोषणा होत नाही, गजर स्वतःच लावावा लागतो. हे सगळं वजा जाता हातात तासभरही उरत नसेल, तर कोणत्याच मार्गाने पैसे घालू नका. दीड-दोन तास निवांत मिळत असतील, जेवणही तिथेच उरकणार असाल आणि विमानात विकत घ्यायचं वाचणार असेल, तर एका वेळेचं बुकिंग नक्की करा. मधे दुसरं विमान पकडायचं असून चार-पाच तास काढायचे असतील, तर मग दुसरा विचारच करू नका, बुकिंग कराच.