सलग कोड की स्वतःचं फंक्शन? पायथॉन शिकताना काय निवडावं

व्हेरिएबल, इफ आणि लूप हाताखालून गेले की प्रश्न पडतोच: प्रोग्राम वरून खाली सलग लिहायचा, की तुकडे पाडून स्वतःची फंक्शन्स (नाव दिलेले, हवे तेव्हा बोलावता येणारे तुकडे) करायची? उत्तर दोन्हीकडून तेच येतं. फरक कळतो तो प्रोग्राम बदलायची वेळ आली की.

लीप वर्षाचं उदाहरण घ्या. वर्षाला ४ ने भाग जायला हवा. पण १०० नेही जात असेल तर ते लीप नाही. ४०० ने जात असेल तर मात्र लीपच. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. आता फेब्रुवारीचे दिवस, वर्षाचे एकूण दिवस आणि दोन तारखांमधलं अंतर अशी तीन कामं करायची आहेत. सलग लिहिलं तर ही अट तीन जागी येते. त्यातल्या एका जागी १०० चा भाग राहून गेला, तर २०२४ टाकून काहीच लक्षात येत नाही. १९०० टाकलं की मात्र फेब्रुवारी २९ दिवसांचा आणि वर्ष ३६५ दिवसांचं निघतं, आणि चूक शोधायला तिन्ही जागा वाचाव्या लागतात. फंक्शन केलं तर अट एकाच जागी राहते. १९००, २०००, २०२३ आणि २०२४ देऊन पाहिलं की नियमाची प्रत्येक वाट तपासून होते.

ही सोय जुनीच आहे. केंब्रिजमधल्या एडसॅक संगणकावर १९४९ पासूनच पुन्हापुन्हा लागणारे तुकडे वेगळे लिहून ठेवत आणि हवे तिथे वापरत.

सलग कोडची बाजूही खरी आहे. काम एकदाच करायचं असेल आणि सगळा प्रोग्राम दहा-पंधरा ओळींचा असेल, तर सलगच लिहा. सगळी व्हेरिएबल्स डोळ्यांसमोर असतात, वाचताना उड्या माराव्या लागत नाहीत. फंक्शनच्या आत तयार केलेलं व्हेरिएबल बाहेर वापरायला गेलात तर नेमएरर (‘हे नाव माहीत नाही’ अशी चूक) येतो, आणि नवीन माणूस तिथे हमखास अडतो. त्याहून फसवी चूक म्हणजे फंक्शनच्या नावापुढे कंस द्यायला विसरणं. इफमध्ये नुसतं नाव लिहिलं तर एरर येत नाही. अट कायम खरी धरली जाते आणि प्रत्येक वर्ष लीप ठरतं.

फंक्शन करायचं ठरलं, तरी खरी निवड पुढेच आहे: उत्तर आतच प्रिंट करायचं (स्क्रीनवर दाखवायचं) की रिटर्न करायचं (बोलावणाऱ्या कोडला परत द्यायचं)? सुरुवातीला प्रिंट सोपं वाटतं, कारण उत्तर लगेच दिसतं. पण रिटर्न न लिहिलेलं फंक्शन पायथॉनमध्ये नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) परत देतं, आणि इफला नन म्हणजे खोटं. त्यामुळे स्क्रीनवर ‘लीप आहे’ असं येतं आणि खालच्याच ओळीत फेब्रुवारी २८ दिवसांचा निघतो! फंक्शनचं काम उत्तर देणं एवढंच ठेवा; दाखवायचं काम बाहेरच्या कोडला करू द्या. माझ्या मते फंक्शन लिहावं की नाही यापेक्षा ही सवय जास्त मोलाची आहे.

मग फंक्शन कधी करावं? तीच अट दुसऱ्यांदा लिहायला घेतलीत की. किंवा एखाद्या तुकड्याला ‘लीप आहे का’ असं नेमकं नाव देता येत असेल, तर पहिल्यांदाच. नाव सुचत नसेल, किंवा नावात ‘आणि’ घालावं लागत असेल, तर तो तुकडा अजून नीट वेगळा झालेला नाही.

तयार फंक्शनही आहेच: पायथॉनच्या कॅलेंडर मॉड्यूलमधलं इझलीप. रोजच्या कामाला तेच वापरा. शिकताना मात्र आधी स्वतःचं लिहा, मग १ ते ३००० पर्यंतचा लूप लावून प्रत्येक वर्षासाठी दोघांची उत्तरं ताडून पाहा आणि जिथे जुळत नाहीत तेवढीच वर्षं प्रिंट करा.