वन पीस की हंटर × हंटर: आधी काय हातात घ्यावं?

लांब पल्ल्याची साहसी शोनेन मांगा, म्हणजे मुख्यतः मुलांसाठीची जपानी कॉमिक्स, वाचायची ठरवली की फिरून फिरून दोन नावं समोर येतात. एइचिरो ओदा यांची समुद्री चाच्यांची 'वन पीस' जुलै 1997 मध्ये 'वीकली शोनेन जंप'मध्ये सुरू झाली आणि योशिहिरो तोगाशी यांची 'हंटर × हंटर' मार्च 1998 मध्ये त्याच साप्ताहिकात. पहिलीचे 1100 च्या वर चॅप्टर आणि 110 च्या वर खंड झाले आहेत. दुसरी 2024 च्या अखेरीस 410 व्या चॅप्टरपर्यंत आली होती. संपलेली दोन्हींपैकी एकही नाही.

मित्रांना विचाराल तर गोंधळ वाढेल. एक म्हणेल, वन पीससारखं दुसरं काही नाही. दुसरा म्हणेल, अर्ध्यात सोडली, नुसती ताणलीय. हंटरचंही तेच: कुणाला ती शोनेनमधली सर्वांत हुशार मांगा वाटते, तर कुणी पानभर मजकूर बघूनच वैतागतो. हे सगळे आपापल्या जागी खरं बोलत असतात. फक्त कोण कसं वाचत होतं, हे आधी विचारायला हवं.

वन पीसवरचा सगळ्यात जुना आक्षेप लांबीचा. ड्रेसरोझा आर्क (आर्क म्हणजे कथेतला एक मोठा टप्पा) शंभरावर चॅप्टर चालला, म्हणजे छापून यायला सुमारे अडीच वर्षं लागली. वानो आर्कला तर 2018 ते 2022 अशी चार वर्षं लागली. आठवड्याला सतरा-अठरा पानं, त्यात अधूनमधून सुट्टी, आणि त्या पानांतही वीस पात्रांची पाच ठिकाणची लढाई. असं वाचणाऱ्याची चिडचिड होणारच. पण तुम्ही आज सुरुवात करणार असाल तर ड्रेसरोझा तुमच्या हाती एकगठ्ठा येणार आहे. आठवडाभरात संपतो. तिथे लांबी जाणवते, पण छळत नाही. म्हणून 'फार ताणलीय' हे मत ऐकताना थोडं वजा करून घ्या.

दोन आक्षेप मात्र एकगठ्ठा वाचूनही तसेच उरतात. टाइमस्किपनंतर, म्हणजे कथा मध्येच दोन वर्षं पुढे उडी मारते त्यानंतर, ओदांची पानं खचाखच भरली. पॅनल लहान, पार्श्वभूमीत गर्दी, कोण कुणाला मारतंय ते दोनदा बघावं लागतं. आणि मृत्यूची भीती फारशी उरत नाही. अलाबास्ता आर्कमध्ये पेल नावाचा योद्धा बॉम्ब उचलून आकाशात नेतो, स्फोट होतो, आपण डोळे पुसतो आणि नंतर तो जिवंत निघतो. ज्यांना हे खटकतं त्यांना पुढेही खटकत राहतं. बायकांची शरीरं ज्या एकाच साच्यात काढली जातात, तोही आक्षेप रास्त आहे. माझं प्रेम असूनही मला तो मान्य आहे.

मग लोक अडीच दशकं का चिकटून राहिले? त्याचं उत्तर अर्लाँग पार्क या आर्कमध्ये आहे. नामीने आठ वर्षं चोऱ्या करून पैसे साठवलेत, कारण दहा कोटी बेरी (तिथलं चलन) दिले की चाच्यांचा म्होरक्या अर्लाँग तिचं गाव मोकळं करणार आहे. रक्कम पुरी होत आली असताना नौदलाचा एक भ्रष्ट कॅप्टन ती जप्त करतो, आणि गावकरी अर्लाँगशी लढून मरायला निघतात. नामी सुरीने स्वतःच्या दंडावरचा अर्लाँगच्या टोळीचा गोंदलेला शिक्का भोसकत सुटते. कथेचा नायक लुफी तिचा हात धरतो. बाकी काही विचारत नाही. ती रडत 'मदत कर' म्हणते तेव्हा तो आपली गवती हॅट तिच्या डोक्यावर ठेवतो. जी हॅट तो कुणाला हात लावू देत नाही, ती. हा 81 वा चॅप्टर. इथवर येऊन काहीच हललं नसेल तर वन पीस खुशाल बंद करा, पुढेही हलणार नाही. दहाव्या-पंधराव्या चॅप्टरवर सोडणाऱ्यांचं मत मी त्यामुळेच फारसं धरत नाही.

दुसरं बळ म्हणजे ओदांची स्मरणशक्ती. ग्रँड लाइन या समुद्राच्या तोंडाशी लाबून नावाचा देवमासा पन्नास वर्षं कुणाची तरी वाट बघत डोकं आपटत असतो. तो कुणाची वाट बघतोय ते तीनशेहून अधिक चॅप्टरनंतर, लुफीच्या टोळीत येणाऱ्या ब्रुकच्या गोष्टीत कळतं. ही मजा लांबीशिवाय मिळूच शकत नाही.

तोगाशींचा पिंड अगदी उलटा. ओदा शब्द देतात आणि कितीही वर्षांनी पाळतात; तोगाशी वाचकाची अपेक्षा तयार करतात आणि ऐनवेळी ती मोडतात. गॉन नावाचा बारा वर्षांचा मुलगा बापाला शोधायला निघतो, परीक्षा, मैत्री, आखाडा, सगळं ओळखीचं वाटतं. मग यॉर्कन्यू शहराचा आर्क येतो आणि नायक जवळजवळ बाजूला सरकतो. गॉनचा मित्र कुरापिका आपल्या कुळाच्या मारेकऱ्यांसाठी एक साखळी घडवतो आणि तिच्यावर अट घालून घेतो: ती फक्त त्या टोळीच्या माणसांवर वापरायची, इतर कुणावर वापरली तर त्याचा स्वतःचा मृत्यू. जितकी कडक अट, तितकी मोठी ताकद. नेन या, हंटरमधल्या शक्ती वापरण्याच्या पद्धतीचं मर्म हे आहे. इथे ताकद ओरडून वाढत नाही, किंमत मोजून मिळते. लढाया त्यामुळे डोक्याने लढल्या जातात, आणि ज्यांना नियम समजून घ्यायला आवडतात ते इथे हरखून जातात.

किमेरा अँट आर्कवर मतं सर्वांत जास्त फाटतात. 130 च्या वर चॅप्टर, मुंग्यांनी माणसं खाण्याची भयानक दृश्यं, आणि राजवाड्यावरच्या हल्ल्यात काही मिनिटांच्या घडामोडींना कित्येक चॅप्टर. निवेदक सतत बोलतो. साप्ताहिकात तर काही पानं कच्च्या रेखाटनांसारखी छापून आली होती, खंडात ती पुन्हा नीट काढली गेली. तरीही मेरुएम आणि कोमुगी यांचा शेवट वाचा. मुंग्यांचा राजा आणि 'गुंगी' नावाचा पटावरचा खेळ खेळणारी आंधळी मुलगी. शेवटी त्याचीही दृष्टी जाते आणि पानं काळी होतात. नुसते शब्द उरतात. कितीही सुंदर चित्र काढलं असतं तरी ते एवढं लागलं नसतं. माझ्या मते शोनेन जंपच्या मांगांत याहून धाडसी पानं क्वचितच असतील.

आता मोठी अडचण. हंटर पुन्हा पुन्हा थांबते. 2018 च्या अखेरीस बंद पडली ती ऑक्टोबर 2022 मध्ये परतली, दहा चॅप्टर आले, पुढचे दहा थेट 2024 मध्ये. तोगाशींची कंबर आणि पाठ त्यांना नीट बसू देत नाही, त्यामुळे आळसाचे आरोप करणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. पण वाचक म्हणून वाट बघणं आहेच. शिवाय सध्याचा आर्क एका जहाजावरच्या चौदा राजपुत्र-राजकन्यांच्या वारसाहक्काच्या लढाईचा आहे. प्रत्येकाचे अंगरक्षक, प्रत्येकाची नेन, पानंच्या पानं संवाद. आठवीतल्या मुलाला हे इंग्रजीतून झेपणं कठीण. त्याला, किंवा कॉमिक्स नव्याने वाचणाऱ्याला, मी बिनदिक्कत वन पीस देईन.

नोकरी सांभाळून वाचणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र आधी हंटर सांगेन. कारण 339 व्या चॅप्टरवर ती खऱ्या अर्थाने एका मुक्कामाला पोचते. गॉन जागतिक वृक्षाच्या शेंड्यावर बापाशेजारी बसतो आणि पहिल्या पानापासूनचा प्रश्न सुटतो. तिथे थांबलात तरी चालतं. वन पीसमध्ये अशी जागा नाही; मरीनफोर्डच्या मोठ्या युद्धाच्या आर्कनंतर दम घेता येतो, पण गोष्ट मध्येच तुटते.

दोन्ही कायदेशीर वाचायच्या तर शोनेन जंपचं ॲप भारतात चालतं. दिवसाला शंभर चॅप्टरची मर्यादा आहे, ती कुणाला आड येत नाही. छापील हवी असेल तर वन पीसच्या तीन खंड एकत्र असलेल्या आवृत्त्या घ्या, कपाटात जागा वाचते. वन पीसचा ॲनिमे, म्हणजे त्यावरची कार्टून मालिका, टाळा. टाइमस्किपनंतर तो अनेकदा एका चॅप्टरवर अख्खा एपिसोड काढतो. हंटरचा 2011 चा 148 एपिसोडचा ॲनिमे उत्तम आहे आणि तो बरोबर त्याच मुक्कामाला संपतो, म्हणून तो पाहून 340 व्या चॅप्टरपासून वाचता येतं. फक्त मांगाचा पहिला चॅप्टर तेवढा वाचून घ्या. गॉनच्या बापाचा शिष्य काइट, त्याची आणि गॉनची भेट तिथे आहे, ॲनिमेने ती सुरुवातीला गाळली, आणि पुढे काइटचं जे होतं ते त्या भेटीशिवाय अर्धंच पोचतं.