वापरलेला डी ७२०० आणि २००-५०० घेताय? आधी हे वाचा

येत्या हिवाळ्यात भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं म्हणून जे वापरलेला कॅमेरा शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निकॉन डी ७२०० कॅमेरा आणि निकॉनचीच २००-५०० मिलिमीटरची, दूरचं जवळ आणणारी लेन्स एकत्र विकायला ठेवलेली दिसली, की पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढून वाचा.

जोडीत खोट नाही. आजही कुणी विचारलं तर मी हीच सुचवेन. दोन्ही २०१५ सालची. कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आणि दोन कार्डांची सोय; त्याच्या जागी २०१७ मध्ये आलेल्या डी ७५०० मध्ये एकच कार्ड बसतं. लेन्स २०० पासून ५०० पर्यंत सगळीकडे एफ ५.६ देते, म्हणजे झूम केलं तरी आत येणारा प्रकाश कमी होत नाही, आणि डी ७२०० च्या छोट्या सेन्सरवर ५०० ची पोच ७५० एवढी होते. वजन सव्वादोन किलोच्या वर, तेवढं सोसायचं. पण नवीन डी ७२०० आता मिळत नाही, त्यामुळे सगळा बाजार जुन्या मालाचा. फसवणाऱ्यांना हे आपल्याइतकंच ठाऊक आहे.

मी ज्या जाहिरातीवरून ही जोडी घेतली आणि फसलो, तिच्यात लिहिलं होतं : एकहाती वापर, शटर काउंट (म्हणजे आजवर काढलेले फोटो) १४ हजार, लेन्सला फंगस (काचेवरची बुरशी) नाही. दोन्ही मिळून ९५ हजार. भाव संशय यावा इतका कमी नव्हता. फोनवर माणूस अगदी मायेनं बोलला, "दादा, पोरासारखा जपलाय. तुम्ही बघा, पटला तरच घ्या." मी शटर काउंट विचारला, त्या कॅमेऱ्यातल्या एका फोटोची मूळ फाइल मागितली, तीही त्यानं लगेच मेलवर पाठवली. फाइल डी ७२०० चीच होती आणि आकडा खरंच १४ हजारांच्या आसपास होता.

फक्त ती फाइल या कॅमेऱ्याची नव्हती.

निकॉनच्या प्रत्येक फोटोत शटर काउंटसोबत कॅमेऱ्याचा सिरियल नंबरही नोंदलेला असतो. घरी येऊन मी स्वतः एक फोटो काढला आणि दोन्ही फाइल शेजारी उघडल्या. नंबर वेगळे. कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेला नंबर माझ्या फाइलशी जुळत होता, त्याच्या फाइलशी नाही. आणि खरा काउंट होता १ लाख ३१ हजारांच्या पुढे. या कॅमेऱ्याचं शटर कंपनीनं दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यानंतर ते लगेच बंद पडतं असं नाही, पण ज्या वस्तूचे पैसे घेतले ती वस्तू ही नव्हे. या माणसाकडे कमी वापरलेल्या एका कॅमेऱ्याची फाइल आहे आणि ती दाखवून तो दुसरेच कॅमेरे विकतो, यात मला शंका उरलेली नाही. चुकून असं होत नाही.

लेन्सची गोष्ट याहून वाईट. भेट त्यानं मुद्दाम संध्याकाळी, हायवेवरच्या एका हॉटेलात ठेवली होती. मी फंगसचं विचारताच स्वतःच्या मोबाइलचा टॉर्च लावून पुढची काच दाखवली. काच लख्ख होती, कारण तेवढीच पुसलेली होती. दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं तिरका टॉर्च मारून पुढून पाहिलं, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. दुरुस्तीवाल्यानं हातात घेताच माउंटकडचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या बाजूचे, घासलेले स्क्रू दाखवले. लेन्स आधी खोलली गेली होती, म्हणजे आत काय आहे ते कुणीतरी पाहिलेलंच होतं. फंगस साफ करता येते, पण तिनं काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर ते डाग जात नाहीत, आणि उजेडासमोर धरलं की चित्र धुरकट होतं. सकाळच्या उन्हात पाण्यावरचे फ्लेमिंगो टिपायचे असतील, तर अशी लेन्स कशी चालणार?

फोन केला तर "दादा, तुम्ही बघूनच घेतलंत ना?" एवढंच. नंतर नंबर बंद. यूपीआयवर आलेलं नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं. पोलीस चौकीत आधी सांगितलं, हा तुमचा आपसातला व्यवहार. मी त्याचा मेल आणि दोन्ही फाइलींचे सिरियल नंबर छापून समोर ठेवले, तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते अर्जात लिहा. आणि विकणाऱ्याचा प्रत्येक मेल, प्रत्येक मेसेज जपून ठेवा. माझ्या हातात पुरावा म्हणून आज तेवढंच आहे.

त्यामुळे कळकळीनं सांगतो : फाइल त्याची घेऊ नका. आपलं कार्ड घरून न्या, त्याच्या कॅमेऱ्यात घाला, फोटो काढा आणि तिथेच बसून काउंट व नंबर बघा. तळाचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नाही म्हणाला तर उठा, कारण माल चोरीचाही असू शकतो. लेन्स दिवसा बघा, टॉर्च आपला न्या, कॅमेऱ्यावरून काढून मागून प्रकाश टाका. ५०० वर नेऊन लांबच्या पाटीवर फोकस लावा, लेन्स थरथरते का, आवाज येतो का बघा. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली लेन्स असेल, तर पावसाळ्यात ती कुठे ठेवत होता हे सरळ विचारा. ड्राय कॅबिनेट (दमटपणा काढणारं कपाट) किंवा सिलिका जेलचं नाव न काढता नुसतं "बॅगेत" म्हणाला, तर आतली काच दुप्पट वेळ बघा. प्रामाणिक विक्रेता यातल्या कशालाही ना म्हणत नाही. ज्याला घाई आहे, अंधारच हवा आहे, त्याच्याशी भाव ठरवायलाही बसू नका.

तीच जाहिरात परत लागली आहे, या वेळी नाशिकच्या नावानं. फोटो तेच : तपकिरी टेबल, निळा पट्टा, लेन्सच्या हुडवर डावीकडे एक ओरखडा. काउंट पुन्हा १४ हजार लिहिलाय.